विंच तिसऱ्या ओंडक्यालाच का बसतो?

तोडलेल्या झाडाचे ओंडके गाडीच्या विंचने, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळत ओझं ओढणाऱ्या यंत्राने, ओढताना पहिला ओंडका सुरळीत येतो. दुसऱ्याला विंचचा आवाज जड होतो. तिसरा अर्ध्या वाटेवर असताना गाडीचे दिवे मंदावतात, विंचची मोटार घुरघुरत थांबते आणि मग बटण दाबलं तरी नुसता ‘खट्’ असा आवाज. वीस मिनिटं गप्प बसून राहिलं की पुन्हा चालू, जणू काही झालंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत तीच रड.

ही तक्रार ज्याची असते त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मोठा विंच घेऊ का? मीही तेच केलं होतं. ९५०० पौंड ओढीचा काढून १२००० पौंडांचा बसवला, समोरचा बंपर त्यासाठी परत कापून घेतला, आणि तिसऱ्या ओंडक्याला गाडीचे दिवे पुन्हा मंदावले. बॅटरी तीच, केबल तीच, ड्रमवर दोर तसाच गच्च गुंडाळलेला. फक्त विंचवरचा आकडा बदलला होता.

गाडीवर बसवायचे बहुतेक इलेक्ट्रिक विंच रुतलेली गाडी काढण्यासाठी बनवलेले असतात. महिन्यातून एकदा, मिनिट-दोन मिनिटं, जीव तोडून. झाडांच्या कामात तोच विंच सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालतो. म्हणून विकत घेताना किती टन हे जेवढं बघता, त्याहून जास्त तासात किती मिनिटं चालवणार हे बघायला हवं. पण नवीन घ्यायच्या आधी जुना का थांबतो ते शोधून काढा. निम्म्या वेळा नवीन घ्यायची गरजच उरत नाही.

आधी कान लावा

थांबण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि आवाजावरून बरंच कळतं. मोटार हळूहळू मंदावत थांबली आणि दिवेही सोबत मंदावले, तर वीज पुरत नाहीये. मोटार मजेत फिरतेय पण ड्रम जागचा हलत नाही, तर ड्रम मोटारीला जोडणाऱ्या क्लचचा खटका पूर्ण बसलेला नाही. दोर थोडा हाताने हलवून खटका पुन्हा लावा, दाते जुळले की बसतो. नुसता ‘खट्’ आणि पुढे काही नाही, तर काँटॅक्टर (मोटारीला वीज जोडणारा मोठा स्विच) किंवा अर्थिंग (बॅटरीच्या ऋण टोकाकडे परत जाणारी जोडणी). ‘खट्’ही नाही, तर रिमोटची वायर, फ्यूज किंवा मोटारीतला तापमानाचा कटआउट. आणि विंच व्यवस्थित ओढतोय पण ओंडक्याऐवजी गाडीच पुढे चाललीय, तर विंचमध्ये काहीही बिघाड नाही. त्यावर पुढे येतोच.

मीटर बॅटरीवर नाही, मोटारीवर लावा

बहुतेक जण बॅटरीला मल्टिमीटर लावतात, १२.६ व्होल्ट दिसले की बॅटरीला क्लीन चिट देतात. पण भार नसताना घेतलेल्या त्या आकड्यातून भाराखाली काय होतं ते कळत नाही. विंच भाराखाली असताना मीटरची टोकं थेट विंचच्या मोटारीच्या दोन टर्मिनलांवर लावायची आणि दुसऱ्या माणसाने बटण दाबायचं. मीटर धरणाऱ्याने दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही, हे सांगायला नको, तरी सांगतो.

पूर्ण भाराला १२ व्होल्टचा विंच ४०० अँपिअर किंवा त्याहून जास्त घेतो. एवढ्या प्रवाहाला साधी केबलसुद्धा अडथळा होते. बॅटरीपासून विंचपर्यंत जाण्या-येण्याची मिळून ५ मीटर तांब्याची केबल धरा. ती २५ चौरस मिमीची असेल तर ४०० अँपिअरला १.४ व्होल्ट वाटेतच जातात, ३५ ची असेल तर १ व्होल्ट. भाराखाली बॅटरी आधीच ११ च्या आसपास आलेली असते. म्हणजे मोटारीला साडेनऊ-दहा व्होल्ट मिळाले. तेवढ्यात ती दमणारच.

केबलपेक्षा वाईट असतात तिची टोकं. माझ्या गाडीत अर्थची वायर विंचच्या खालच्या पट्टीला बोल्टने आवळलेली होती, आणि पट्टी होती रंगवलेली. वरून बघायला सगळं चकाचक. लगवरची, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीवरची, काळी प्लास्टिकची नळी मात्र एका बाजूने आक्रसून चमकायला लागली होती. नळी कापून काढली तर आत तांब्यावर हिरवी पूड, आणि लग हातोडीने ठोकून बसवलेला. असा एकच सांधा एक हजारांश ओहमचा झाला तरी ४०० अँपिअरला तिथे १६० वॅट उष्णता तयार होते. ओंडका ओढायच्या ऐवजी आपण लग भाजत असतो.

उपाय साधा आहे. अर्थची वायर चासीला नाही, थेट बॅटरीच्या ऋण टोकाला आणायची. लग दाबयंत्राने क्रिंप करून घ्यायचे. केबल ३५ चौरस मिमीची, विंच गाडीच्या मागच्या बाजूला असेल आणि बॅटरी पुढे, तर ५० किंवा ७० ची. हे केल्यावर माझ्या विंचला मोटारीवर जवळपास दीड व्होल्ट जास्त मिळाले आणि तो बारा हजारवाला घेतल्याचं वाईट वाटायला लागलं.

बॅटरीचा हिशोब

४०० अँपिअर एक मिनिट म्हणजे ६.७ अँपिअर-तास. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरवर १२० अँपिअर लिहिलेलं असलं तरी इंजिन मंद चालीवर असताना तो त्याच्या बराच खाली असतो, ६० धरू. त्या मिनिटात त्याने १ भरला, ५.७ बॅटरीतून गेले. ते परत भरायला, गाडीचा स्वतःचा खर्च वजा जाता ५० अँपिअर मिळत असतील तर सुमारे सात मिनिटं लागतात. तुम्ही दोन मिनिटांत पुढचा ओंडका अडकवला की उधारी वाढत जाते. ७० अँपिअर-तासाच्या स्टार्टर बॅटरीला अशा पाच-सहा ओढी म्हणजे अर्धी रिकामी. स्टार्टर बॅटरी अर्ध्यावर आली की तिचा व्होल्टेज भाराखाली कोसळतो. म्हणून पहिले दोन ओंडके छान आणि पुढचे नाहीत.

विंच चालवताना इंजिन चालूच ठेवा आणि हाताने किंवा थ्रॉटलने १२०० ते १५०० फेऱ्यांवर आणा. दुसरी बॅटरी लावली तर मदत होते, पण ती उधारीची मर्यादा वाढवते, उत्पन्न अल्टरनेटरचंच. आणि मोटारीचा प्रश्न त्याने सुटत नाही. विंचची मोटार पाणी-चिखल आत जाऊ नये म्हणून बंद डब्यासारखी असते, आत पंखा नाही. उष्णता आतल्या आर्मेचरमध्ये (फिरणाऱ्या गाभ्यात) तयार होते आणि बाहेरच्या पत्र्यापर्यंत यायला वेळ घेते. पत्र्याला हात लावून ‘गारच आहे की’ म्हणणाऱ्याच्या आत तारेवरचं वार्निश जळायला लागलेलं असू शकतं. पत्रा हाताला पोळायला लागला म्हणजे आधीच उशीर झालेला आहे. पूर्ण भाराला एक मिनिट, मग काही मिनिटं विश्रांती, हे बहुतेक कंपन्या पुस्तिकेत लिहितात आणि कोणी वाचत नाही.

एक सवय मात्र ताबडतोब सोडण्यासारखी आहे: दोर बाहेर काढताना मोटार चालवणं. प्रत्येक ओंडक्याला वीस मीटर दोर मोटारीने सोडायचा म्हणजे विनाकारण ७०-८० अँपिअर, आणि मोटारीला विश्रांती शून्य. दोरावर ताण नसेल तेव्हा क्लच सोडा आणि दोर हाताने ओढत चालत जा. ही चाल म्हणजेच मोटारीची विश्रांती.

ड्रमवर किती थर, त्यावर ताकद

विंच घेताना ज्याचा हिशोब कोणी करत नाही ते हे. विंचवर छापलेली ताकद फक्त ड्रमवरच्या सगळ्यात खालच्या थराची असते. दोर वरच्या थरांवर आला की ड्रमचा व्यास वाढल्यासारखं होतं, तरफ लांबते आणि ओढ कमी होते. किती कमी, ते घरी पट्टीने मोजून काढता येतं.

४३०० किलोचा, म्हणजे ९५०० पौंडांचा विंच घेऊ. ड्रमचा व्यास ६४ मिमी, दोर ९ मिमी, ड्रमची रुंदी २३० मिमी. एका थरात २५ वेढे बसतात. पहिल्या थराच्या मध्यरेषेची त्रिज्या ३६.५ मिमी. प्रत्येक थराला ९ मिमी वाढवत जा. दुसऱ्या थरावर ओढ ३४५० किलो उरते, तिसऱ्यावर २८८०, चौथ्यावर २४७०. नाव ४३०० चं आणि हातात २४७०.

आता कुठल्या थरात किती दोर ते बघा. पहिल्या थरात ५.७ मीटर, दुसऱ्यात ७.१, तिसऱ्यात ८.६, चौथ्यात १०. एकूण ३१ मीटर. म्हणजे छापील ताकद मिळते ती फक्त शेवटच्या ५.७ मीटरला, आणि त्यातलेही पाच वेढे तारेच्या दोराला, आठ-दहा वेढे सिंथेटिक दोराला ड्रमवर कायम ठेवावेच लागतात, नाहीतर टोकाची पकड सुटते.

ओंडका २० मीटरवर असेल तर तुम्ही दुसऱ्या थरावरून सुरुवात करता. ओंडका जवळ येऊ लागतो, दोर गुंडाळला जातो, आणि शेवटचे दहा मीटर चौथ्या थरावर. ओंडका जसा जवळ येतो तसा विंच दुबळा होत जातो. ओंडक्याचं नाक तेवढ्यात मातीत रुतलं की तिथेच तो बसतो. ‘गाडीजवळ आल्यावरच नेमका अडकतो’ अशी तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता आधी दोर किती मीटर आहे ते विचारतो.

यावर फुकटातला उपाय: ड्रमवरचा दोर कमी करा. माझ्या ड्रमवर आता १५ मीटर आहे. बाकीचा वेगळा, दोन्ही टोकांना डोळे विणलेला जोडदोर म्हणून पिशवीत. ओंडका दूर असेल तर जोडदोर लावतो, जोड फेअरलीडपाशी (ड्रमसमोर दोर आत घेणाऱ्या वाटेपाशी) आला की थांबतो, जोडदोर काढतो आणि थेट हुक लावतो. शॅकल (जोडकडी) किंवा गाठ ड्रमवर गुंडाळायची नाही, खालचा दोर चेपतो. काम थोडं तुटक होतं, पण ओढ बहुतेक वेळ दुसऱ्या थराच्या वर जात नाही.

दुसरा उपाय कप्पी. ओंडक्याला कप्पी लावून दोराचं टोक परत आणलं की ओढ जवळपास दुप्पट, वेग निम्मा. कप्पीच्या घर्षणात थोडं जातं. शिवाय दोर दुप्पट बाहेर जातो, म्हणजे ड्रम आपोआप खालच्या थरावर येतो. विद्युतप्रवाहही कमी लागतो. परत आणलेलं टोक गाडीलाच अडकवलं तर सगळा भार गाडीवर येतो. शेजारच्या मजबूत झाडाला रुंद पट्ट्याने अडकवलं तर अर्धा तिकडे जातो. कप्पी विंचच्या ताकदीच्या किमान दुप्पट क्षमतेची घ्या. तिच्या खिळ्यावर दोन्ही दोरांचा ताण येतो.

गाडीच सरकते

हे मोठ्या विंचच्या स्वप्नावरचं गार पाणी. २३०० किलोची गाडी मातीवर चारी चाकं अडवून उभी केली तर घर्षण ०.५ धरून ११५० किलोला सरकायला लागते. ओल्या गवतावर त्याच्याही आधी. ४३०० किलोचा विंच मोकळ्या गाडीवर लावून तुम्ही सव्वा टनाच्या वर ओढूच शकत नाही. गाडी मागे बांधल्याशिवाय १२००० पौंडांचा विंच ८००० च्या विंचएवढंच काम करतो.

त्यात हँडब्रेक सहसा मागच्या दोन चाकांनाच लागतो, आणि पुढच्या बंपरवरून ओढताना गाडीचं नाक खाली दबतं, मागची चाकं हलकी होतात. म्हणजे ब्रेक लागलेत त्याच चाकांवर वजन नाही. पुढच्या चाकांपुढे जाड लाकडी ठोकळे लावा, हे ठोकळे हँडब्रेकपेक्षा जास्त कामाचे आहेत. मोठी ओढ असेल तर मागच्या हुकापासून झाडाला पट्टा बांधा, विंचच्या रेषेत. ऑटोमॅटिक गाडी ‘पी’मध्ये ठेवून विंच चालवू नका. गिअरबॉक्समधला एवढासा खटका सगळा भार घेतो आणि तुटला तर दुरुस्ती गिअरबॉक्स उघडून होते.

ओंडक्याचं वजनही डोळ्यांना फसवतं. ६० सेंमी व्यासाचा, तीन मीटर लांबीचा ओला ओंडका ८०० किलोच्या आसपास असतो. सपाट जमिनीवर तो निम्म्या-पाऊण वजनाच्या ओढीने सरकतो. नाक मातीत घुसलं की हिशोब संपला, मग तुम्ही शेत नांगरताय. पुढचं टोक चेनसॉने खालून तिरकं कापून घसरपट्टीसारखं केलं की फरक जाणवतो. माझ्या मते हा एक काप दोन हजार पौंडांचा विंच वाढवण्याइतका आहे.

उभं झाड ओढताना

इथे लोक सगळ्यात मोठा विंच मागतात आणि इथेच सगळ्यात कमी लागतो. नको त्या बाजूला झुकलेलं दीड टनाचं झाड धरा. त्याचा गुरुत्वमध्य बुंध्यापासून एक मीटर उलट्या बाजूला. दोर कापाच्या वर १० मीटरवर बांधला, गाडी २५ मीटर दूर, तर झाड तोलायला १६० किलोच्या आसपास ओढ पुरते. तोच दोर हाताला येतो म्हणून दोन मीटरवर बांधला तर ७५० किलो. वारा, बिजागरीच्या (कापताना मुद्दाम न कापता ठेवलेल्या पट्टीच्या) लाकडाचा ताठपणा आणि अंदाजातली चूक धरून तिप्पट घ्या, तरी वर बांधलेल्या दोराला पाचशे किलो. शिडी, किंवा फेक-दोरी आणि थोडा धीर, यांनी जे होतं ते विंचने करायला जाऊ नये.

जास्त ताकदीचा इथे धोकाच आहे. मागचा काप पूर्ण व्हायच्या आत दोर ताणून धरला तर बुंधा उभा चिरतो, मागचा अर्धा भाग वर उडतो आणि चेनसॉ धरलेला माणूस तिथेच उभा असतो. दोर सैल सोडायचा नाही, ताणूनही धरायचा नाही. ढिलेपणा जाईल इतकाच. कापणारा हात वर करेल तेव्हाच ओढायचं, आणि विंच चालवणाऱ्याची नजर कापणाऱ्यावर, शेंड्यावर नाही.

गाडी झाडापासून त्याच्या उंचीपेक्षा बरीच दूर हवी. जागा नसेल तर कप्पीने दोर काटकोनात वळवून गाडी बाजूला ठेवा. त्या वळणाच्या कप्पीवर दोराच्या ताणाच्या १.४ पट भार येतो, हे लक्षात ठेवून तिचं झाड निवडा. झाडात विंचचा दोर चढवू नका, तिथे वेगळा दोर वापरा आणि विंच त्याला खाली जोडा. आणि तोडलेली फांदी किंवा माणूस विंचवर लटकवायचा नाही. गाडीच्या विंचचा ब्रेक ओढलेलं वाहन धरण्यासाठी आहे, उचललेलं वजन धरण्यासाठी नाही.

विंच थांबतच नाही तेव्हा

वीज कमी पडण्याचं दुसरं टोक हे, आणि जास्त भीतीचं. व्होल्टेज पडला की काँटॅक्टरच्या कॉइलचा जोर कमी होतो, आतले संपर्कबिंदू धड चिकटत नाहीत, थरथरतात, ठिणग्या उडतात आणि शेवटी वितळून एकमेकांना जोडले जातात. मग बटण सोडलं तरी विंच चालूच.

माझ्याकडे हे झालं तेव्हा ओंडका बंपरपासून हातभर होता. मी बटण सोडलं, परत दाबलं, उलटं दाबलं. मग बॉनेट उघडून बॅटरीचं टर्मिनल सोडवायला पान्हा शोधू लागलो. पान्हा सापडेपर्यंत ओंडक्याने नंबर प्लेट, तिच्यामागची जाळी आणि रेडिएटरची एक नळी आत घेतली होती.

त्या दिवसापासून बॅटरी आणि विंच यांच्यामध्ये हाताने फिरवायचा मोठा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) आहे, बंपरजवळ, बाहेरून हाताला येईल असा, आणि सगळ्यांना माहीत असलेला. काम नसताना बंदच असतो. जुन्या विंचमध्ये चार वेगवेगळे सोलेनॉइड (विजेवर चालणारे स्विच) असतील तर ते काढून एक बंद डब्यातला, जड कामाचा काँटॅक्टर बसवणं फायद्याचं. बिनतारी रिमोट घेणार असाल तर घ्या, झाडांच्या कामात लांब उभं राहता येतं, पण वायरचा रिमोटही गाडीत ठेवा.

तारेचा की सिंथेटिक

गाडी काढण्यासाठी सिंथेटिक, यावर आता फारसा वाद नाही: हलका, तुटला तर तारेसारखा चाबूक होत नाही, हाताला कुसं टोचत नाहीत. झाडांच्या कामात मात्र तो रोज वाळूत, सालीवर, कापलेल्या खुंटांच्या कडांवर घासतो, आणि आत शिरलेले वाळूचे कण धागे आतून कापतात. मी ड्रमवर सिंथेटिक ठेवतो आणि ओंडक्याकडच्या टोकाला तीन मीटरची साखळी. घासणारं सगळं साखळीवर.

एक गोष्ट घेतानाच बघा: ब्रेक कुठे आहे. प्लॅनेटरी गिअरच्या बहुतेक विंचमध्ये तो ड्रमच्या पोटात असतो. भार असताना उलटं सोडलं की ब्रेक तापतो, ड्रम तापतो आणि त्याला चिकटलेला दोराचा पहिला थर शिजतो. हा धागा १५० अंशांच्या आसपास वितळतो आणि त्याच्या खूप आधी ताकद गमावतो. वरून दोर नवा दिसतो, तुटतो खालून. सिंथेटिक वापरायचा असेल तर ब्रेक ड्रमच्या बाहेर असलेला विंच घ्या, किंवा भार उलटा सोडायचं टाळा. तारेचा दोर काढून सिंथेटिक लावताना जुने रोलरही काढा, तारेने त्यांवर पाडलेल्या धारदार चऱ्या नव्या दोराला पहिल्याच दिवशी कापतात. गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड लावा.

मग घ्यायचा कोणता

गाडी काढण्याचा हिशोब आधी. भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट. २८०० किलोची गाडी असेल तर ४२०० किलो, म्हणजे ९५०० पौंड. चिखल चाकाच्या उंचीइतका असेल तर गाडीच्या वजनाइतकी ओढ लागते, मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, म्हणजे ५६०० किलो. तेवढ्यासाठी मोठा विंच घेण्यापेक्षा कप्पी घ्या. मोठ्या विंचचं वजन पुढच्या ॲक्सलवर रोज वाहायचं, आणि दोर-बंपर धरून ते पन्नाससाठ किलोच्या पुढे सहज जातं.

दिवसातून पाच-सहा ओढी असतील तर तोच ९५०० पौंडांचा इलेक्ट्रिक विंच झाडांनाही चालेल, अट एवढीच की मोटार सिरीज वाउंड (कायम चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळ्यांची) हवी. कायम चुंबकाची मोटार हलक्या भाराला कमी वीज घेते, पण जड भारात लवकर तापते आणि तापली की कमजोर होते. झाडांच्या कामाला ती घेऊ नका. कागदावर बघायचं ते असं: चौथ्या थरावरची ओढ किती, निम्म्या भाराला अँपिअर किती, ड्रमचा व्यास किती. ड्रम जाड असेल तर थराथराला ताकद कमी पडते ती हळू. विक्रेत्याकडे हा तक्ता नसेल तर तो विंच नको.

तासातली वीस-पंचवीस मिनिटं विंच चालणार असेल तर इलेक्ट्रिकचा नाद सोडा. गाडीला हायड्रॉलिक पंप किंवा पीटीओ (इंजिनाची ताकद बाहेर घेणारा दांडा) असेल तर त्यावरचा विंच दिवसभर चालतो. अट एकच, इंजिन बंद पडलं की तोही बंद. गिअर वर्मचा (मळसूत्री) असेल तर वेग आणि कार्यक्षमता दोन्ही कमी, पण भार जागच्या जागी धरून ठेवतो, ओंडक्यांना ते चालतं. गाडी छोटी असेल तर पेट्रोल इंजिनाचा सुटा कॅप्स्टन विंच बघा. ओढ ७०० ते १००० किलो, ऐकायला कमी, पण दोर त्यावर साठत नाही, नुसते वेढे घेऊन पुढे जातो. म्हणून शंभराव्या मीटरलाही ओढ तेवढीच. आणि तो झाडाला बांधता येतो, गाडी सरकण्याचा प्रश्नच नाही. माझे निम्मे ओंडके आता त्यावर येतात; बंपरवरचा विंच गाडी रुतण्याच्या वेळेसाठी राखलेला.

दिवस संपल्यावर दोर तसाच ढिला गुंडाळून निघू नका. ढिल्या थरावर दुसऱ्या दिवशी जोर पडला की वरचा वेढा खालच्या दोन वेढ्यांच्या फटीत घुसतो आणि तिथेच अडकतो. सगळा दोर काढा, सिंथेटिक असेल तर साध्या पाण्याने धुवा, मग दहाला एक अशा हलक्या चढावर गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, वरच्या झाडाला दोर लावून गाडी विंचने वर चढवत गुंडाळा. २३०० किलोच्या गाडीला तिथे २३० किलोचा ताण येतो, वेढे घट्ट बसायला तेवढा पुरतो. एक जण बाजूला उभा राहून वेढे शेजारी-शेजारी पडतात का ते बघेल. हात फेअरलीडपासून किमान हातभर लांब.